जुनं किट-विमान घेताय? आधी कंपनीच्या वहीतलं नाव बदला

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शेडच्या मागच्या भिंतीला प्लायवूडची दोन लांब खोकी टेकवलेली आहेत. आत दोन आसनी विमानाचे पंख आहेत, एक पुरा आणि एक अर्धा. जानेवारीत आम्ही तिघा मित्रांनी हे अर्धवट किट धुळ्याहून टेम्पोत घालून आणलं. किट ताब्यात यायला एक दुपार लागली. ते आमचं आहे हे अमेरिकेतल्या मूळ कंपनीने मान्य करायला ऑगस्ट उजाडला. मधल्या सात महिन्यांत जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा मनस्ताप वाचला असता, म्हणून हे लिहितोय.

नव्या माणसासाठी थोडक्यात: व्हॅन्स, झेनिथ, सोनेक्स, किटफॉक्स, रॅन्स यांच्यासारख्या कंपन्या विमान सुट्या भागांत विकतात आणि घेणारा ते आपल्या शेडमध्ये जोडतो. कंपनी प्रत्येक किटला नंबर देते आणि तो नंबर कुणाला विकला याची नोंद ठेवते. किट किंवा त्यातून झालेलं विमान दुसऱ्याकडे गेलं की या नोंदीतलं नाव बदलावं लागतं. त्यासाठी काही कंपन्या काहीच घेत नाहीत, तर काही चक्क काही शे डॉलर घेतात. हीच ट्रान्सफर फी. शेतजमीन घेऊन ताबा मिळाला तरी फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं ना, तसंच हे. फरक एवढाच की इथे तलाठी दहा-बारा तासांच्या फरकाने झोपतो.

फी भरली नाही तर विमान कुणी काढून नेत नाही. पैसे देऊन, बिल ऑफ सेल म्हणजे विक्रीचा कागद करून घेतलेली वस्तू तुमचीच असते. पण सुटे भाग, ड्रॉइंगच्या सुधारित प्रती, तांत्रिक प्रश्नांची उत्तरं आणि सुरक्षेच्या सूचना मागायला गेलात की कंपनी विचारते, "तुम्ही कोण?"

१. काय घेताय ते आधी ठरवा

तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाचं गणित वेगळं. पहिला, उडणारं, नोंदणी झालेलं विमान. दुसरा, आमच्यासारखं अर्धवट किट. तिसरा, नुसते प्लॅन, म्हणजे ड्रॉइंगचा गठ्ठा, ज्यावरून पत्रा कापण्यापासून सगळं स्वतः करायचं.

प्लॅनच्या बाबतीत सगळ्यात जास्त सावध राहा. एक संच म्हणजे एकच विमान, असाच बहुतेक परवाना असतो. विकणाऱ्याने त्यावरून विमान आधीच बांधलं असेल तर तुमच्या हातात येते ती नुसती रद्दी. "पीडीएफ पाठवतो, निम्मे पैसे द्या" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

अर्धवट किटवाल्याला कंपनीची गरज सर्वांत जास्त, त्यामुळे त्याने फी भरावीच असं माझं स्पष्ट मत आहे. वीस वर्षं उडत असलेलं, बाजारात कुठेही मिळणाऱ्या नट-बोल्टवर बांधलेलं विमान असेल तर घाई नाही. पण तरीही क्रमांक ८ वाचा.

२. नंबर शोधा, आणि बरोबर नंबर शोधा

विमानावरच्या डेटा प्लेटवर, म्हणजे ओळख कोरलेल्या पट्टीवर, जो नंबर असतो तो किटचा नंबर असेलच असं नाही. किट-विमानात कायद्याने 'उत्पादक' म्हणजे बांधणारा माणूस. प्लेटवर त्याचं नाव असतं आणि सिरियल नंबर त्याने स्वतःच ठरवलेला असू शकतो. त्याच्या मुलीची जन्मतारीखही असेल. शेपटावरचं नोंदणीचिन्ह, भारतात 'व्हीटी' आणि अमेरिकेत 'एन' ने सुरू होणारं, ही तिसरीच गोष्ट. कंपनीला हवा असतो तो किट किंवा बिल्डर नंबर.

तो पहिल्या बिलावर, पॅकिंग लिस्टवर, मॅन्युअलच्या पहिल्या पानावर किंवा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सापडतो. आमच्या मॅन्युअलचं पहिलं पान उंदरांनी कुरतडून नंबराचे शेवटचे दोन आकडे खाल्ले होते. शेवटी खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली, धुळीने काळी झालेली पॅकिंग स्लिप ओल्या फडक्याने पुसली तेव्हा पूर्ण नंबर दिसला. शेपूट, पंख, धड अशी किटं वेगवेगळ्या वर्षी घेतलेली असतील तर प्रत्येक खोक्यावरची स्लिप बघा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

३. सौदा ठरण्याआधी कंपनीला मेल करा

आमची पहिली चूक हीच. आधी पैसे दिले, मग मेल केला. तुम्ही उलट करा. मेलमध्ये लांबण लावू नका. किट नंबर लिहा आणि एवढंच विचारा:

- या नंबराच्या किटची तुमच्याकडे नोंद आहे का? विकणाऱ्याचं नाव मी कळवतोय, ते जुळतं का?
- त्यावर काही थकबाकी, अर्धवट ऑर्डर किंवा न पाठवलेले भाग आहेत का?
- ट्रान्सफर फी किती? मध्ये एखादा मालक नोंदवायचा राहिला असेल तर एकदाच भरायची की प्रत्येक टप्प्याला?
- फीमध्ये काय मिळतं? ड्रॉइंगच्या नव्या प्रती, तांत्रिक मदत, की फक्त नावबदल?
- भारतात भाग पाठवता का?

जुन्या मालकाचं नाव कंपनी सांगणार नाही, पण "जुळतं" किंवा "जुळत नाही" एवढं बहुतेक सांगते, आणि तेवढं पुरतं. कंपनीच्या वेबसाइटवर फीचा आकडा असला तरी मेलवर लेखी घ्या, आकडे बदलतात.

वेळेचंही बघा. किट-कंपन्या असलेल्या विस्कॉन्सिन किंवा मिसुरीत सकाळचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. ऑरेगनला आणखी दोन तास जोडा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मेल करूच नका. तेव्हा विस्कॉन्सिनमधल्या ऑशकोशला एअरव्हेंचर हा विमानांचा मेळा असतो आणि अमेरिकेतल्या किट-कंपन्यांची अर्धीअधिक माणसं तिथे तंबूत असतात. आमचा शेवटचा कागद नेमका त्याच आठवड्यात गेला आणि पंधरा दिवस कुणी हूं की चूं केलं नाही.

४. मालकीची साखळी जोडा

खरं घोडं अडतं ते इथे. फी ही फार तर हजारांतली गोष्ट, खरी किंमत सहीची आहे.

आमचं किट पहिल्यांदा घेतलं ते पुण्याच्या एका इंजिनिअरने, अमेरिकेत नोकरीला असताना. परत येताना त्यांनी ते न्हावाशेवामार्गे आणलं. पुढे ते वारले. त्यांच्या मुलाने किट धुळ्याच्या गृहस्थांना विकलं आणि त्यांनी आम्हाला. कंपनीच्या वहीत मात्र अजून पुण्याचंच नाव. मधल्या कुणी काही कळवलंच नव्हतं.

कंपनीने प्रत्येक टप्प्याचं बिल ऑफ सेल मागितलं. धुळ्याच्या भाऊंकडे पुण्याहून मिळालेली पावती होती खरी. वहीचं फाडलेलं पान, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही, आणि मजकूर एका ओळीचा: "विमानाचे सामान दिले, रक्कम पोचली." ना नंबर, ना मॉडेल. पुण्याच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "काका, आई ते भंगारात घालायला निघाली होती, म्हणून दिलं. आता कुठला कागद काढू?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ वर्षं पडलेल्या खोक्यांचा त्यालाही वैताग आला असणार. पण वडिलांच्या नावावरची वस्तू त्याने विकली होती, त्यामुळे तो वारस आहे हे दाखवणं आलं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, आणि आईची व बहिणीची 'आमची हरकत नाही' अशी सही. बहीण बेंगळुरूला. दोनदा पुण्याला गेलो. दुसऱ्या वेळी कोंडाजीचा चिवडा घेऊन गेलो, आणि काम झालं ते मला वाटतं त्या चिवड्याने.

यावरून तीन गोष्टी सांगतो.

एक, शेवटचा मोठा हप्ता सह्या हातात पडेपर्यंत राखून ठेवा. पैसे मिळालेला माणूस फोन उचलत नाही, त्यात वाईटपणा असतोच असं नाही.

दोन, ट्रान्सफरच्या फॉर्मवर विकणाऱ्याची सही सौद्याच्या दिवशीच, त्याच टेबलावर घ्या.

तीन, मध्ये एक मालक सुटला असेल तर फी दोनदा पडू शकते. आमच्याकडून दोनदा घेतली. मी मेलवर वाद घातला की मधला टप्पा आमचा नाही. उत्तर आलं की नोंद दोनदा बदलावी लागणार, तर फी दोनदा. माझ्या मते हा हावरटपणा आहे, पण त्यांच्या करारात तसं लिहिलेलं होतं आणि आम्ही ते वाचलं नव्हतं. ती रक्कम सौद्यातच विकणाऱ्याच्या गळ्यात घालता आली असती.

५. कागदांची फाइल

- सगळ्यात आधीच्या मालकाचं कंपनीचं मूळ बिल, नसेल तर पॅकिंग स्लिपचे फोटो
- प्रत्येक टप्प्याचं बिल ऑफ सेल, इंग्रजीत, त्यावर मॉडेल, किट नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या
- कंपनीचा ट्रान्सफर फॉर्म आणि जबाबदारीमुक्तीचा करार
- तुमच्या पासपोर्टची प्रत
- मालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद
- किट परदेशातून आलं असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद
- आधी झालेल्या कामाची बिल्डर लॉग-वही आणि फोटो

शेवटच्या दोन गोष्टी कंपनी मागत नाही, पण विकणाऱ्याकडून त्याच दिवशी घ्या. ड्यूटी भरल्याचा पुरावा नसेल तर पुढे सरकारी नोंदणीच्या वेळी खोक्यासकट तुम्हीच उत्तर द्यायचं. आणि पंखातल्या स्पारला, म्हणजे मुख्य आडव्या तुळईला, कुणी, कधी, कोणत्या मापाचे रिव्हेट मारले हे पत्रा बंद झाल्यावर फक्त ती वही सांगते.

प्रतिज्ञापत्र लागलं तर सीबीएससमोरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात नोटरीचं काम तासाभरात होतं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पऐवजी पाचशेचा लागतो, तेवढे सुटे घेऊन जा. मजकूर मात्र स्वतः टाइप करून न्या. आमच्या टायपिस्टने 'एअरक्राफ्ट किट'चं 'एअर कूलर किट' करून ठेवलं होतं.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्याकडे बिलावर आद्याक्षरं, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा. आणि आमच्यासारखे तिघे असाल तर फॉर्मवर एकच ओळ असते. एकाचं नाव 'मुख्य संपर्क' म्हणून द्या, बाकी दोघांना सहमालक म्हणून नोंदवता येतं का ते विचारा, आणि आपसातला करार वेगळा करा. मैत्री आहे म्हणून तोंडी ठेवू नका.

६. करार वाचा, इंग्रजी कंटाळवाणं असलं तरी

फॉर्मसोबत चार-पाच पानांचा करार येतो. त्याचं सार असं: विमान बांधणारे तुम्ही, उडवणारे तुम्ही, काही झालं तर कंपनीवर दावा लावणार नाही. कंपन्या नावबदलाचा एवढा आग्रह धरतात त्याचं मोठं कारण हेच आहे. पहिल्या गिऱ्हाइकाने अशी सही केलेली असते, तुम्ही केलेली नसते. दुसरं कारण मदतीचं. पहिल्याचे प्रश्न विचारून संपलेले असतात, तुम्ही परत पहिल्या पानापासून सुरू करणार, आणि त्यासाठी बसवलेल्या माणसाचा पगार किटच्या किमतीतून निघत असतो. हे मला पटतं. फक्त नाव बदलायला एवढे डॉलर का, हे पटत नाही.

तीन कलमं शोधा. वाद झाला तर तो कुठल्या राज्यातल्या कोर्टात चालणार (तुमच्या नव्हे, त्यांच्या). वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का (बहुधा नाही). आणि तुम्ही पुढे विकलंत तर कंपनीला कळवायची जबाबदारी कुणाची.

७. पैसे पाठवणं

कार्ड चालत असेल तर कार्डानेच भरा. पण २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशात चालणारं येतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार चालू करावा लागतो. न करता प्रयत्न केला की व्यवहार नाकारला जातो, आणि दोन-तीनदा नाकारला गेला की कंपनीला तुमचाच संशय येतो. बँक वर मार्कअप, म्हणजे परकी चलनाचा जादा आकार, लावते आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मार्कअप साडेतीन टक्के असेल तर तीनशे डॉलरच्या फीवर साधारण साडेबारा डॉलर जास्तीचे.

कंपनी फक्त बँक ट्रान्सफर घेत असेल तर शाखेत जाऊन ए-२ फॉर्म भरायचा. वैयक्तिक रकमेसाठी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमची फी तिच्या आसपासही जाणार नाही. पण शाखेतल्या मॅडमनी आम्हाला विचारलं, "विमान? म्हणजे तिकीट का?" कारणाचा कोड 'प्रवास' टाकू देऊ नका. बिल दाखवा आणि कशाचे पैसे आहेत ते सरळ सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खर्च कुणी सोसायचा त्या रकान्यात 'ओयूआर' (सगळा खर्च पाठवणाऱ्याचा) लिहा. आम्ही 'एसएचए' (खर्च वाटून) वर खूण केली. मधल्या बँकेने आपला वाटा कापला, तीनशेचे दोनशे पंच्याहत्तर पोचले आणि "फी अपूर्ण" म्हणून फाइल पडून राहिली. उरलेले पंचवीस पाठवायला परत तेवढाच खर्च.

८. नाव बदलल्यावर लगेच काय करायचं

मेल आला की पेढे वाटायच्या आधी सर्व्हिस बुलेटिनची, म्हणजे कंपनीने काढलेल्या दुरुस्ती-सुरक्षेच्या सूचनांची, यादी उघडा. फीचा खरा मोबदला यातच आहे.

झेनिथच्या सीएच-६०१ एक्सएलचं उदाहरण घ्या. पंख हवेतच निकामी होण्याच्या घटनांनंतर एप्रिल २००९ मध्ये अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने ही विमानं जमिनीवर ठेवण्याची तातडीची शिफारस केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंखांना मजबुती देणारे बदल जाहीर झाले. तेव्हा हे विमान दुसऱ्याकडून घेऊन वहीत नाव न बदललेल्या माणसाला पत्र कुठल्या पत्त्यावर गेलं असेल?

दुसरं उदाहरण व्हॅन्सचं. २०२२-२३ च्या सुमारास लेझरने कापलेल्या काही भागांच्या भोकांना चिरा जात असल्याचं आढळलं. कोणते भाग बदलायचे आणि कोणते चालतील याच्या याद्या कंपनीला काढाव्या लागल्या. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनी चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे अमेरिकी कायद्याने दिवाळखोरीत, गेली, आणि ज्यांच्या ऑर्डरी बाकी होत्या त्यांना जादा पैसे मोजावे लागले. त्या काळातलं व्हॅन्सचं अर्धवट किट कुणी स्वस्तात देत असेल तर ते स्वस्त का, हे कळायला ऑर्डरचा इतिहासच लागतो, आणि तो कंपनी नोंदलेल्या मालकालाच देते.

इंजिनाची नोंद निराळी असते. रोटॅक्स असेल तर इंजिनाचा सिरियल नंबर घालून त्यांच्याकडे स्वतंत्र नोंद करा. त्यांच्या ९१२ इंजिनाला रबरी होज (नळ्या) दर पाच वर्षांनी बदलाव्या लागतात, इंजिन एक तास चाललेलं नसलं तरी. विकणारा "अजून सीलबंद आहे हो" म्हणाला की खोक्यावरचं साल बघा.

कंपनीच बंद पडली असेल तर फी नाही आणि मदतही नाही. डिझाइनचे हक्क दुसऱ्या कुणी घेतलेत का ते शोधा, कधीकधी घेतलेले असतात.

९. सरकारी नोंद ही वेगळी पायरी आहे

कंपनीच्या वहीत नाव आलं म्हणजे डीजीसीएकडे, आपल्या विमान वाहतूक खात्याकडे, आलं असं नाही, आणि उलटही नाही. गाडीच्या भाषेत, २९-३० नंबरचे फॉर्म अजून भरायचेच आहेत. भारतात नोंद असलेलं विमान घेताय तर डीजीसीएची प्रक्रिया, विमा आणि रेडिओचा परवाना वेगळा. स्वतः बांधलेल्या विमानाची नोंदणी होते का, असं मला लोक विचारतात. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली. किती वर्षं मागे लागावं लागलं हेही त्याच बातम्यांत वाचायला मिळेल.

अमेरिकेतल्या भावाच्या नावाने तिथेच विमान घेणाऱ्यांसाठी: एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक खातं, त्याचे फॉर्म दोन, विक्रीचा ८०५०-२ आणि नोंदणीचा ८०५०-१. वर्षानुवर्षं त्याची फी पाच डॉलर आहे, कंपनीच्या फीपुढे चिल्लर. भाऊ तिथला नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला हवा. आणि आपलं विमान स्वतः तपासायला बांधणाऱ्याला मिळालेलं रिपेअरमनचं प्रमाणपत्र विमानाबरोबर येत नाही. वार्षिक तपासणीला तसा परवाना असलेला माणूस लागणार, तो खर्च धरा.

नाशिककरांनी आणखी एक गोष्ट आधीच विचारात घ्यावी. ओझरची धावपट्टी एचएएल या सरकारी विमान कारखान्याची, गांधीनगरची लष्कराची. विमान बांधून झालं की ठेवायचं कुठे आणि उडवायचं कुठून, हे किट आणायच्या आधी बघा. आम्ही अजून बघतोय.

तोवर एक काम केलंय. किट नंबर, इंजिनाचा नंबर, नावबदलाची तारीख आणि कंपनीच्या शेवटच्या मेलचा विषय, एवढं सगळं जाड मार्करने खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय. मॅन्युअलची नवी प्रत पत्र्याच्या पेटीत आहे. प्लायवूडला उंदरांनी अजून तोंड लावलेलं नाही.